हनाबाईची पोथी

रोवणी आटोपली की आमच्याकडची गावं आठवडाभर गप्प होतात. दिवसदिवस वाकून बांधीत परे, म्हणजे धानाची रोपं, रोवलेल्या बायका कमरेला शेक देत बसतात, पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांना हळद-तेल लावतात, आणि कोणी हाक मारली तर "थांब वो माय" एवढंच म्हणतात. मग श्रावण लागतो. निंदणाला अजून वेळ असतो, बांध्यांमधे पाणी नुसतं उभं असतं, भरदुपारी घरात अंधारून येतं. अशा दुपारी कुणाच्या तरी ओसरीत पोथी लागते.

यंदा श्रावण लागला तेव्हा आमगावच्या माझ्या दुकानात ही गर्दी उसळलेली. माझं झेरॉक्सचं आणि वह्या-पेनांचं दुकान आहे, आणि या दिवसांत दाखले आणि सातबारे काढून काढून मशीन तापतं. तेवढ्यात जाऊबाईंचा फोन.

"कवा येऊन राहिली तू? मन्सारामबुवाले सांगून ठेवलं म्या. पाट बी धुतला."

"बाई, दोन दिवस थांबा ना. मान वर कराले फुरसत नाही."

"श्रावण थांबते का तुया झेरॉक्ससाठी?" म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. त्यांचा फोन असाच असतो. मला वाटतं 'ठेवू का' हे शब्द त्यांना कोणी शिकवलेच नाहीत.

समोर राइस मिलचे मुनीमजी उभे होते. त्यांनी विचारलं, "कौन सी पोथी लग रही है मॅडम?"

"हनाबाईची."

"हनाबाई? ये कौन सी देवी हैं?"

"देवी नहीं है भैया. औरत है," मी म्हटलं आणि त्यांचे कागद त्यांच्या हातात दिले.

ते गेल्यावर मी खणातून पोथी काढली. तिला मी गेल्या वर्षी दुकानातच स्पायरल बाइंडिंग करून टाकलं, कारण पानं सुटायला लागली होती. स्पायरलची पोथी अख्ख्या जिल्ह्यात आमच्याच घरी असेल. पुढचं कव्हर मात्र मी तेच ठेवलं आहे. बर्फानं पांढऱ्या झालेल्या शेताकडे पाठ करून उभी असलेली एक बाई, कोपऱ्यात छोटासा क्रूस, आणि त्या क्रुसावर हळदीचं एक बोट. ते बोट आमच्या सासूबाईंचं आहे.

जाऊबाईंची लेक पौर्णिमा, आमची पुनी, सिकलसेलची होती. आमच्या भागात या आजाराचं नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. सोयरीक जुळवताना लोक आता पत्रिकेच्या आधी सिकलचं कार्ड मागतात. थंडी लागली की पुनीचे सांधे असे दुखायचे की पोरगी उशी दातांत धरून पडायची. मग गोंदियाचा दवाखाना, रक्ताची बाटली, आणि आठ दिवसांनी परत घरी, जसं काही झालंच नाही अशी, "काकू, माह्यासाठी ते चमकीचे पेन आणले का?" विचारत. बारावीच्या वर्षी पौषातल्या थंडीत ती अशीच दवाखान्यात गेली. त्या खेपेला परत आली नाही.

दवाखान्यात सरोज सिस्टर म्हणून एक नर्स होत्या, मूळच्या अमरावतीकडच्या, ख्रिस्ती. पुनीच्या प्रत्येक खेपेला ड्यूटी कुणाचीही असो, त्या येऊन डोकावून जायच्या. पुनी गेल्यावर त्या गावी आल्या. जाऊबाईंचा हात हातात घेऊन बसल्या आणि जाताना हे पुस्तक दिलं. "कधी वाटलं तर वाचा ताई. घाई नाही. यातल्या बाईचं पण असंच झालं, तीसुद्धा देवावर रुसली, मग परत गेली."

सासूबाईंनी, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, कव्हरवरचा क्रूस पाहिला. देवाचं काहीतरी आहे म्हणून पुस्तक उचलून देव्हाऱ्यात ठेवलं आणि हळदीचं बोट लावलं. झालं. देव्हाऱ्यात बसलेलं पुस्तक म्हणजे पोथी, यात त्यांना विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही.

त्या देव्हाऱ्याकडे जाऊबाई मात्र फिरकत नव्हत्या. लग्न होऊन आल्यापासून सांजेचा दिवा त्यांचाच होता. पुनीच्या तेरवीनंतर त्यांनी तो सोडला. "माही पोरगी नेली त्यानं. म्या त्याच्यापुढं काऊन बसू?" असं एकदाच म्हणाल्या, मोठ्यानं, आत देवाला ऐकू जाईल असं. तेव्हापासून आत्याबाई गुडघे धरत उठायच्या आणि दिवा लावायच्या, आणि लावता लावता घरातल्या सुनांबद्दल काहीबाही पुटपुटायच्या. भांडण नव्हतं, पण घर रोज सांजेला दोन ठिकाणी बसायचं. आत्याबाईंना एकच आस, की सुनेनं पुन्हा देवापुढे दिवा लावावा. त्यांच्या लेखी त्याशिवाय घर सावरणार नव्हतं.

त्या वर्षीची रोवणी फार पावसात झाली. त्या हंगामाची आठवण म्हटली की मला आधी वास येतो: ओल्या पोत्यांचा, चुलीच्या धुराचा, वास्त्यांच्या भाजीचा. वास्ते म्हणजे बांबूचे कोंब. पावसात आमच्याकडे घराघरात शिजतात आणि आठ दिवस भांड्यांना वास सोडत नाही. मी मदतीला आमगावहून सासरी गावी गेले होते. रोवणी संपल्यावर एका सांजेला जाऊबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "पोथी लावाची हाये."

आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. आमच्याकडे पोथी जो लावतो त्याला समाप्तीच्या दिवशी स्वतःच्या हातानं देवापुढे दिवा लावून आरती करावी लागते. त्यात पळवाट नाही. आणि एकदा लावलेली पोथी अर्धी सोडता येत नाही, घरात काहीही होवो. म्हणजे सून आता दिवा लावणार. आत्याबाई लगेच विचारायला लागल्या, कोणती लावाची, कुणाकडून आणाची.

"आणाची काऊन? घरातच हाये ना," जाऊबाई म्हणाल्या आणि देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं.

मी म्हटलं, "अवो बाई, ते पोथी नाही. कादंबरी आहे. कोण्या परदेशातल्या बाईनं मनानं लिहिलेली गोष्ट, कोणीतरी मराठीत केलेली."

"देवाचं नाव हाये का नाई त्यात?"

"आहे."

"बाई रडते का नाई?"

"रडते."

"मंग पोथीत अजून काय असते?"

नंतर आम्ही दोघीच होतो तेव्हा त्यांनी मला खरं सांगितलं. तांदळातला खडा उचलून त्यांनी बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "सिस्टर म्हने, ते बाई रुसली, आन् मंग परत गेली. मले पाहाचं हाये, ते देवाशी बोलाले कवा लागली, आन् काऊन. बस." काऊन म्हणजे का, एवढंच त्यांना हवं होतं. जाऊबाई चौथी शिकलेल्या. अक्षर लावून वाचतात, पण एवढं जाड पुस्तक त्यांना एकटीला झेपणारं नव्हतं, आणि मला वाटतं, एकटीनं वाचायचंही नव्हतं.

अशी पोथी लागली. पाटावर तांदूळ, तांदळावर लाल कापड, त्यावर बर्फातली ती बाई. पोथी वाचणारा एक आणि अर्थ सांगणारा एक, ही आमची रीत. गावचे मन्सारामबुवा दरवर्षी दोन्ही करायचे. पहिल्या दिवशी त्यांनी चष्मा लावला, घसा साफ केला आणि पहिलंच वाक्य ओवीच्या चालीवर उचललं. "त्या हिवाळ्यात बर्फ लवकर पडला" हे वाक्य त्यांनी असं काही आळवलं की कीर्ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. कीर्ती शेजारची नवी सून, कॉलेज झालेली, पोथीपेक्षा माणसं बघायला आलेली. दुसऱ्या वाक्याला बुवांची चाल तुटली. तिसऱ्याला त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "तू वाच बाई. यात दम घ्याले जागाच नाही ठेवली. म्या अर्थ सांगतो."

गोष्ट तशी सरळ होती. हॅना नावाची बाई, तिचा सुतार नवरा, पीटर नावाचा लहान मुलगा. गोठलेल्या तळ्यावर मुलगा खेळायला जातो, बर्फ तडकतो, मुलगा जातो. हॅना देवावर रागावते, देवळात जाणं सोडते. लोक येऊन समजावतात. शेजारची एक म्हातारी रोज सूप आणून ठेवते. पहिल्याच दिवशी हॅनाची हनाबाई झाली, तळ्याची बोडी झाली आणि सुपाची पेज झाली. बर्फ मात्र कुणाला दिसेना. बुवा म्हणाले, "राइस मिलच्या मांगं कोंडा उडते, झाडावर, घराच्या कवेलूवर, साऱ्याच्यावर बसते, पांढरंफट. तसं. पन गार." सगळ्यांना दिसलं.

आता कोण काय म्हणालं ते सांगते, कारण मला त्या हंगामातलं तेच जास्त आठवतं. पुस्तक एकच होतं, पण ऐकणाऱ्या प्रत्येकीनं वेगळंच ऐकलं.

शेवंताबुढी आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी. तिची तीन लेकरं लहानपणीच गेलेली. तिला हनाबाईचा रागच आला. "इतकं काऊन रडाचं? आमी तिसऱ्या दिवशी रोवण्याले गेलो. मालकीण म्हने, बसून काय करतं, चाल." मग म्हणाली, "कोनी बस म्हनलंच नाई ना वो." तिला पुस्तकात एकच माणूस आवडला. "ते शेजारची बुढी बरी हाये. पेज ठेवते आन् गुमान बसते. बाकीचे सारे भोंगे."

कीर्तीचा सगळा राग सुतारावर. "एवढी बायको रडून राहिली आन् हा बसला रंदा मारत! दोन शब्द बोलाले काय जाते याचं?"

"मारू दे त्याले रंदा," जाऊबाई म्हणाल्या. जरा मोठ्यानंच म्हणाल्या. कारण बाहेर छपरीत आमचे भासरे, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, अंबाडीचा दोर वळत बसलेले असायचे. पोथीला ते बसत नव्हते. पण त्या श्रावणात त्यांनी इतका दोर वळला की पुढच्या दोन वर्षांत घरात कुणाला दोर विकत आणावा लागला नाही.

एका दुपारी मी तो भाग वाचला ज्यात सुतार मुलासाठी शवपेटी बनवतो. त्याला माप घ्यायला आत जावं लागत नाही, कारण मुलाचा पलंग त्यानंच बनवलेला असतो. बाहेरून दोर वळण्याचा आवाज थांबला. भासरे उठले आणि भर पावसात, डोक्यावर साधं पोतंही न घेता, बांधीकडे निघून गेले. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही, कारण ओसरीत कुणाचेच डोळे कोरडे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होते तेव्हा भासरे जवळ येऊन हळूच विचारतात, "त्या सुताराचं पुढं काय झालं? बोलला का तो?"

"अजून तरी नाही."

"बोलन," ते म्हणाले आणि बैल सोडायला गेले.

मन्सारामबुवांचा अर्थ ठरलेला. "देव परीक्षा पाहून राहिला तिची."

"पास झाली तं काय देते? पोरगा वापस देते का?" जाऊबाईंनी विचारलं.

बुवांनी चष्मा काढून धोतराला पुसला. इतकी वर्षं ते हाच अर्थ सांगत आले होते आणि असं कुणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी ते चहाही न घेता गेले. आम्हाला वाटलं रागावले. पण दुसऱ्या दिवशी वेळेवर आले, बसले आणि वाचन सुरू व्हायच्या आधीच म्हणाले, "कालच्यावर म्या विचार केला. मले नाही माहीत." मग माझ्याकडे वळून, "वाच."

गावात बोलणं झालंच. चौकातल्या एकानं शेवंताबुढीला छेडलं, "काऊन बुढे, क्रिश्चनाची पोथी ऐकून राहिली म्हने? बाटशीन ना!" बुढी ठणकली, "तुया घरी इतके वर्स रामाची लागली. तू झाला का राम?" त्यानंतर त्या चौकातून कुणी काही बोललं नाही.

आणि मी? मला पुस्तक आवडत नव्हतं. खरं सांगायचं तर वाचताना मी मनातल्या मनात लेखिकेशी भांडत होते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी आभाळात काहीतरी उजळायचं, कुठेतरी घंटा वाजायची. अगं, जरा दम धर ना, मला वाटायचं, बाईला नीट रडू तरी दे. दुःखावर साखर पेरलेली मला सहन होत नाही. पण ओसरीत बसलेल्या बायका ती साखर फुंकरीनं उडवून देत होत्या आणि खालचं तेवढं घेत होत्या, त्यामुळे मी गप्प वाचत राहिले.

दिव्याची गोष्ट राहिली. पीटरला माती देतात त्या भागाला मी आले आणि लाइन गेली. आमच्याकडे पावसात लाइन जाते ती रुसलेल्या जावयासारखी, कधी येईल सांगता येत नाही. ओसरीत अंधार झाला. मोबाइलची बॅटरी लाव म्हणावं तर कीर्तीच्या फोनचंही चार्जिंग गेलेलं. मी म्हटलं, राहू द्या, उद्या वाचू. तेवढ्यात जाऊबाई उठल्या. आत गेल्या, आणि पितळी दिवा घेऊन आल्या, तोच, देव्हाऱ्यातला. पाटापाशी ठेवला, वात सारखी केली, काडी ओढली आणि लावला.

आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"काय पाहून राहिल्या? अक्षरं दिसाले पाहिजे ना तिले," जाऊबाई म्हणाल्या. लाइन आली तशी वात खाली ओढून त्यांनी दिवा निववला आणि परत नेऊन ठेवला. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर जे आलं होतं तेही दिव्याबरोबर गेलं.

समाप्तीचा दिवस आला. शिरा झाला, आरतीचं ताट तयार झालं, आत्याबाई नवं लुगडं नेसून बसल्या. मी शेवटचं पान वाचलं. वसंत येतो, बर्फ वितळतो, रविवारी सकाळी घंटा वाजते. हॅना शाल घेते, देवळात जाते आणि मागच्या बाकावर बसते. 'तिचं मन शांतीनं भरून गेलं.' संपलं.

"पुन्हा वाच," जाऊबाई म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.

"मधात काय झालं?"

"कशाच्या मधात?"

"आदल्या पानावर ते दाराले कडी लावून बसली होती. या पानावर शाल घेतली. मधात काय झालं?"

मी पान उलटून पाहिलं. काहीच नव्हतं. रिकामी अर्धी जागा आणि तीन छापील चांदण्या.

"मंग पोथी झाली नाही," जाऊबाई म्हणाल्या.

आत्याबाई म्हणाल्या, "असं कसं? पान तं संपले!"

"पान संपले. पोथी नाही झाली. ज्यासाठी लावली ते यात सांगतलंच नाई. अर्ध्या पोथीची आरती मी करत नाई." आणि बुवांकडे वळून, "अर्धी सोडता बी येत नाही ना बुवा? पुढच्या साली पुन्हा लावू."

बुवांनी पंचांगात पाहिल्यासारखं आढ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तसं पाह्यलं तं बरोबर हाये." आत्याबाई उठून आत गेल्या आणि स्वतःच्या हातानं दिवा लावला, भांडी आपटत. शेवटी शेवंताबुढी म्हणाली, "शिरा तं झाला ना? तो वाढा."

त्याला आता तीन वर्षं झाली. दर श्रावणात पोथी लागते, दर वेळी शेवटचं पान दोनदा वाचलं जातं, दर वेळी जाऊबाई 'झाली नाही' म्हणतात आणि आत्याबाई गुडघे धरत उठतात. दिवा ओसरीत येतो तो लाइन गेली तरच, अक्षरांपुरता. भासरे दुसऱ्या वर्षी छपरीतून दारात आले. गेल्या वर्षी दाराच्या आत. कामठ्याहून दोन बायका आल्या होत्या, त्यांच्या घरीही असंच काही झालं होतं. कुणी सांगितलं, इकडे हनाबाईची लागते म्हणून. त्यांना शेवट फार आवडला. एक तर म्हणाली, "मले तं बरं वाटलं बाप्पा, गेली ना एकदाची." जाऊबाईंनी तिच्याशी वाद घातला नाही. तिच्या पानात शिरा जास्त वाढला.

मधे एकदा सरोज सिस्टर कसल्याशा कागदांच्या झेरॉक्सला माझ्या दुकानात आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, हळदीच्या बोटापासून. त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मग मी माझी तक्रारही काढलीच. म्हटलं, सिस्टर, शेवट फार घाईचा आहे, खोटा वाटतो.

"तुम्हाला तसं वाटणार," त्या म्हणाल्या. त्यांना राग आला नाही. "आम्हाला तो शेवट आधीच माहीत असतो हो. लहानपणापासून ऐकलेला असतो. माझे मिस्टर गेले तेव्हा मी हे वाचलं, ते शेवटासाठी नाही. मधल्यासाठी. चर्चमधे सगळे मला शेवट सांगत होते, मधलं कुणी बोलतच नव्हतं." पैसे देऊन त्या निघाल्या, मग पायरीवरून मागे वळल्या. "तुमच्या जाऊबाईंना, निर्मलाताईंना सांगा, मलाही माहीत नाही ती शाल कशी घेतली ते. मीपण एका रविवारी गेले, एवढंच." मी जाऊबाईंना ते सांगितलं. त्या नुसतं "हं" म्हणाल्या.

तर या वर्षी मी गेले. स्कूटीच्या डिक्कीत पोथी, वर प्लास्टिक. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान धरू लागलेलं, हिरवं, डोळ्यांना गार. बुवांचा आवाज बसलाय, आता अर्थ शेवंताबुढीच सांगते आणि तो एका वाक्यात संपतो. कीर्तीच्या मांडीवर लेकरू आहे. तिला यंदा सुताराचा राग आला नाही, पेटीच्या भागाला ती लेकरू घेऊन बाहेर जाऊन उभी राहिली. आत्याबाई आता खुर्चीवर बसतात, खाली बसवत नाही.

समाप्तीच्या दुपारी पाऊस दणकून आला आणि लाइन गेली. जाऊबाईंनी उठून दिवा आणला, पाटाशी ठेवला, लावला. मी शेवटचं पान वाचलं. शाल, घंटा, मागचा बाक, शांती. मग सवयीनं थांबले, कारण आता 'पुन्हा वाच' येणार होतं.

ते आलंच नाही. त्याआधी आत्याबाई बोलल्या.

"काहीच सांगतलं नाई वो तिनं. औंदा बी नाई."

सगळ्या जणी खुर्चीकडे पाहायला लागल्या.

"मी रोज दिवा लावतो," आत्याबाई म्हणाल्या. कुणाला उद्देशून ते कळत नव्हतं, नजर दिव्यावर होती. "पुनी गेली त्या सांजेले बी लावला. मले तरी कुठी समजलं, काऊन लावतो ते. हातच लावते तो. मले बी हनाबाईवानी रागच हाये... त्याचा." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "झाली नाही पोथी. गुंडाळ."

इतक्या वर्षांत आत्याबाईंना पुनीसाठी रडताना मी पाहिलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, यांचं देवाशी सगळं ठीक चाललंय. जाऊबाई एकटक त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी पोथी लाल कापडात गुंडाळली, माझ्या मांडीवर ठेवली आणि दिवा निववायला हात पुढे केला. वातीपाशी नेलेला हात थांबला.

"तेल हाये अजून," त्या म्हणाल्या. "वाया काऊन घालवाचं?"

आणि जळता दिवा दोन्ही हातांनी उचलून, वाऱ्यानं विझू नये म्हणून पदर आडवा धरून, त्या आत गेल्या. देव्हाऱ्यापुढे ठेवला. आमच्याकडे त्यांची पाठ होती, त्यामुळे हात जोडले की नाही ते मला दिसलं नाही. जरा वेळ तिथेच बसल्या. भासरे दाराशी उभे होते, ते खाली बघत होते. आत्याबाई खुर्चीतून उठल्या नाहीत, पहिल्यांदाच. शेवटी आतूनच आवाज आला, "शिरा गार होऊन राहिला, वाढा ना कोनी!"

परत येताना रस्ताभर माझ्या डोक्यात ती परदेशातली लेखिका होती. तीन वर्षं मी तिच्यावर चिडून होते, की बाई, तू मधलं गाळलंस. आता मलाच कुणी सांगितलं की जे पाहिलंस ते लिही, तर मी काय लिहिणार? आदल्या पानावर ती पाठ फिरवून बसली होती, या पानावर दिवा घेऊन आत गेली. मधात काय झालं? सासू रडली आणि तेल उरलं होतं. यावर ओसरीतल्या एकीचाही विश्वास बसणार नाही, आणि सगळ्यात आधी जाऊबाईच म्हणतील, पुन्हा वाच.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर मला राहवेना. काहीतरी निमित्त काढून फोन लावला, पोहोचले म्हणून, पाऊस आहे का म्हणून. मग विचारलंच, "काल दिवा लावला तुम्ही, बाई."

"लाइन गेली होती ना."

"आणि आज?"

"आज तं लाइन हाये." पलीकडे भांड्याचा आवाज झाला. मला वाटलं फोन ठेवला. पण ठेवला नव्हता. "तरी लावला," त्या म्हणाल्या.

काऊन ते मी विचारलं नाही.